अर्धा डबा

पाच हजार गॅलन गोडं पाणी पाठीवर घेऊन
मी हैमाहून निघतो, आठवड्यातून तीनदा.
साठ किलोमीटर डांबर, पुढे नुसतं सपाट,
इतकं सपाट की नजर कुठेच अडखळत नाही
आणि म्हणून दमते.

मबखूतच्या टाकीत पाइप सोडायचा,
कागदावर त्याचा अंगठा घ्यायचा, मागे फिरायचं.
सहा वर्षांत एकदाच त्यानं विचारलं,
तुझ्या नावाचा अर्थ काय?
जालिंदर. त्यात जल आहे, म्हणजे पाणी.
आणि उरलेलं?
उरलेलं मलाही माहीत नाही.

मग एका मंगळवारी परतताना
रिकामा टँकर बंद पडला.
एक दिवस. एक रात्र.
टाकीवर थाप मारली की आत भलामोठा आवाज,
थेंब नाही.
तो उंटावरून आला माझी पावलं वाचत
आणि पाणी देण्याआधी म्हणाला,
या येड्या, एवढा चाललास कशाला?

शुक्रवारी ये. मोबाइल ठेव, लायटर ठेव,
बाटली ठेव.
चाकू राहू दे.

पहिला धडा बसण्याचा.
तोंड मिटून, नाकानं श्वास, शब्दसुद्धा ओला असतो म्हणे.
समरच्या झाडाची सावली सरकेल तसं सरकायचं,
सकाळी पश्चिमेला, उन्हं कलली की पूर्वेला.
दोन म्हातारे बैल, ना घाणा ना तेल,
दिवसभर बुंध्याभोवती.

दुसरा धडा विस्तवाचा.
गारगोटी, पोलादाचा तुकडा, उंटाच्या वाळक्या लेंड्या कुस्करून.
ठिणगी पडायची आणि लाजून विझायची.
त्यानं दहा वेळा मारली, वीस वेळा,
बोटांची सालं निघाली,
मग पोलाद वाळूत फेकून बसला.
सत्तावीस वर्षं झाली, म्हणाला.
तुमच्या गाड्या आल्या, गॅसची टाकी आली.
डोकं म्हणतं असं,
हात विचारतात कसं?

मी काही बोललो नाही.
शब्द ओला असतो.
पोलाद शोधून, पुसून त्याच्या हातात दिलं.
त्या रात्री आम्ही थंड खजूर खाल्ले.

पहाटे दक्षिणेला, अगदी जमिनीलगत
एक तारा थरथरत वर आला.
सुहैल, तो म्हणाला. आता उन्हाळा उतरणार.
हा तर अगस्ती, मी म्हटलं.
आमच्याकडे सांगतात, यानं समुद्र पिला.
अख्खा?
अख्खा.
तो बराच वेळ भोवतालच्या खडकाळ माळाकडे बघत राहिला.
बरोबर आहे, म्हणाला,
सुरुवात इथूनच केली असणार.

आणि मग धुकं आलं.
समुद्र इथून दीडशे किलोमीटर,
तरी आलं, वाट चुकलेल्या मेंढरांसारखं,
पायाशी घुटमळत.
संध्याकाळीच त्यानं झाडाच्या वाऱ्याकडच्या अंगाला
शेळीच्या केसांचं कांबळं टांगलं होतं,
मला वाटलं वाळत घातलंय.
एक टोक त्यानं धरलं, एक मी,
आणि पिळलं.

दूध पावडरीचा जुना डबा, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी.
गढूळ, वर दोन केस तरंगणारे.
जतच्या बाजारात लहानपणी
ज्या वासाला मी नाक धरलं होतं
तोच वास, तोंडाच्या आत.
त्यानं आधी मला दिलं.
मी दोन घोट घेतले आणि घाबरून थांबलो,
संपलं तर कुणाच्या कागदावर कुणाचा अंगठा?

रविवारी टँकर घेऊन गेलो.
पाच हजार गॅलन, पाइप, कागद.
त्याच्या अंगठ्याला खपली, माझ्याही.
विस्तव अजून पेटत नाही.

पाइप काढताना तोटी ठिबकत राहते, नेहमीच ठिबकते,
वायसर जुना झालाय.
त्यानं न बोलता खाली डबा सरकवला.
गाडी बंद कर, हातानंच सांगितलं.
आम्ही टँकरच्या सावलीत बसून राहिलो,
ती सरकली तसे सरकलो,
डबा अर्धा होईपर्यंत.